चामराजपेटचं कंट्रोल

पुरुषोत्तमने सायकल विकत घेतली नाही, शिवायला टाकली. सुनेने, स्मिताने, ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा अंबूबाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. चूक नव्हती. बाई ब्लाउज शिवायला टाकते तशी त्याने सायकल टाकली होती, मापं देऊन, आणि मिळणारही होती शिंप्याच्याच वायद्याने. कारण गंभीर होतं. पुरुषोत्तमला लांब पल्ल्याची सायकल चालवायची होती.

लांब पल्ला म्हणजे दोनशे किलोमीटर. पुरुषोत्तमचा इंदिरानगरातला फ्लॅट ते अंबूबाईंचं चामराजपेटातलं घर हे अंतर नऊ किलोमीटर. हे नऊ किलोमीटर त्याला एका दिवाळीखेरीज वर्षभर जमत नसत. गाडी काढली तर ट्रॅफिक, रिक्षा बोलावली तर येत नाही, मेट्रोने आलं तर थोडं चालावं लागतं. तेव्हा नऊचा नाद सोडून त्याने एकदम दोनशेची तयारी धरली.

अंबूबाईंचं मागणं फार नव्हतं. मुलाने एकदा यावं, पाटावर बसावं, शेंगदाण्याची गरम पोळी तूप घालून खावी आणि जावं. दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं मागणं असून असून किती असणार!

आधी मापं झाली. इंदिरानगरात सायकलवाल्यांचा दवाखाना आहे. दवाखाना असा बोर्ड नाही, पण आत कपडे उतरवून उभं करतात आणि अंगावर ठिपके चिकटवतात, म्हणजे दवाखानाच. तिथे तेवीस मापं घेऊन लेखी दाखला मिळाला, की पुरुषोत्तमचा डावा पाय उजव्यापेक्षा चार मिलिमीटर आखूड आहे.

"कोण म्हणतो?" अंबूबाईंनी फोनवर विचारलं.

"लेझर म्हणतं, आई."

"त्याला सांग, त्रेचाळीस वर्षं हे पोर या गल्लीच्या डोळ्यांसमोर दोन पायांवर चालतंय, कुणी बोट दाखवलं नाही. अरे, तुझा बाप मला बघायला आला तेव्हा त्याने तेवीस मापं घेतली असती तर तू जन्मालाच आला नसतास."

सायकलीचा सांगाडा पीण्या या कारखान्यांच्या भागात गुंडोने जोडला. गुंडो मूळचा निपाणीकडचा, अंबूबाईंचे यजमान नागनाथ यांच्या हाताखाली कारखान्यात काम शिकलेला. त्यामुळे प्रत्येक जोडाची खबर आधी अंबूबाईंना, म्हणजे त्याच्या अक्कांना जाई, मग गिऱ्हाइकाला.

"अक्का, स्टँड नको म्हणतात. वजन होतं."

"कॅरिअर?"

"नको."

"घंटी तरी?"

"तीस ग्रॅम भरते म्हणतात. नको."

"मग त्या सायकलीत आहे काय, गुंडो?"

"स्वल्प लोखंड आहे, अक्का. बाकी सगळी त्यांची मतं आहेत."

"आणि याच्या पोटाचं वजन केलंस का?"

"ते आमच्या खात्यात येत नाही, अक्का."

अशी ही सायकल, जिला स्वतःच्या पायावर उभं राहता येत नव्हतं, अकराव्या महिन्यात घरी आली. ती रस्त्यावर काढणं शक्य नव्हतं, कारण रस्त्यात खड्डे होते आणि सायकल मापाची होती. म्हणून ती हॉलमध्ये एका यंत्राला जखडली. चाक फिरायचं, सायकल जागेवर, समोरच्या पडद्यावर परदेशातले डोंगर.

"कुठं आहेस?" अंबूबाई विचारत.

"घाटात आहे आई, चढ आहे. नंतर करतो."

मागून कुकरची शिट्टी ऐकू येई.

तीन महिन्यांत पुरुषोत्तम सोफ्यापासून निघून अकराशे किलोमीटर गेला आणि त्याच सोफ्यावर उतरला. रविवारी सराव. सोमवारी सरावाचा थकवा काढायची सक्तीची विश्रांती. मोबाइलमधल्या वेळापत्रकाने प्रत्येक दिवसाला एकेक रकाना दिला होता. आईकडे जाणं कष्टात मोडत नव्हतं आणि विश्रांतीतही मोडत नव्हतं, सबब ते कुठल्याच रकान्यात बसेना.

मग एक दिवस पुरुषोत्तमने आपण होऊन फोन केला. आवाजात नोकरी लागल्यासारखा आनंद.

"आई, कार्ड आलं!"

"कसलं?"

"दोनशे किलोमीटरचं. मंड्याला जाऊन परत. वाटेत दर कंट्रोलवर त्याच्यावर शिक्का मारून घ्यायचा."

अंबूबाई ताठ बसल्या. कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कार्ड आणि पिशवी घेऊन तीस वर्षं त्या कंट्रोलच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. पोराने अखेर संसाराचा विषय काढला म्हणून त्यांना बरं वाटलं.

"काय देतात कंट्रोलवर? गहू?"

"काही देत नाहीत, आई."

"साखर? रॉकेल?"

"फक्त शिक्का."

"आमच्या कंट्रोलवाल्याने मेल्याने मापात मारलं, पण नुसता शिक्का देऊन कधी परत पाठवलं नाही. आणि त्याच्यासाठी तू मंड्याला जाणार?"

"साडेतेरा तासांच्या आत, आई! नाहीतर कार्ड बाद."

फोन ठेवून अंबूबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. पोळीत खोट नव्हती. मायेतही नव्हती. या घरात शिक्का नव्हता, एवढीच उणीव होती.

ती गुंडोने भरून काढली. सायकल क्लबची सेक्रेटरी मैत्रेयी त्याची गिऱ्हाईक. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली, नोकरी कॉम्प्युटरमधली. परतीच्या वाटेवरचं शेवटचं कंट्रोल, म्हणजे शिक्क्याचा थांबा, चामराजपेटातल्या एका चहावाल्याकडे होतं आणि चहावाला नेमका भाचीच्या लग्नाला चालला होता. मैत्रेयी नियमांचं पुस्तक घेऊन अंबूबाईंच्या ओट्यावर आली.

"एकदम सिंपल आहे, आजी. रायडर येणार, तुम्ही टाइम लिहायचा, स्टॅम्प मारायचा. इथून फिनिश फक्त नऊ किलोमीटर."

"नऊ मला ठाऊक आहेत. नियम सांग."

"खूप आहेत. हा इम्पॉर्टंट. रायडर पुढे जायला फिट आहे, याबद्दल कंट्रोल अधिकाऱ्याचं समाधान झाल्याशिवाय स्टॅम्प मारू नये."

"कुणाचं समाधान?"

"तुमचं, आजी."

"लेखी आहे?"

"हो. कलम अकरा."

"सरी, ठीक आहे," अंबूबाई म्हणाल्या. "त्याच्याखाली रेघ मार."

ज्येष्ठातल्या एका रविवारी चामराजपेट कंट्रोल सुरू झालं. तीस वर्षं खिडकीच्या बाहेर उभ्या राहिलेल्या बाईला खिडकीच्या आत बसायला मिळालं, की जे व्हायचं ते झालं. रांगेसाठी दोरी बांधली गेली. खडूने पाटी लागली, 'हात धुवून यावे'. खिडकीचं एकच दार उघडं राहिलं, कारण दोन्ही उघडली तर ते कंट्रोल कसलं?

तीन वाजता पहिला स्वार आला, नागपूरचा शार्दूल.

"आंटी, स्टॅम्प प्लीज. जरा फास्ट."

"आंटी तुझी तिकडं. कार्ड दाखव. तोंड वर कर. गाल बसलेत. समाधान झालं नाही. पोळी खा."

"नको नको, माझ्याकडे एनर्जी जेल आहे."

"जेल तिकडं. हे घर आहे. बस खाली."

त्याने घड्याळ दाखवलं, अंबूबाईंनी कलम अकरा दाखवलं. पहिली पोळी त्याने रागाने खाल्ली, दुसरी गप्प बसून, तिसरी मागून घेतली. मग हात न धुताच नागपूरला आईला फोन लावला, आणि ती काय झालं, कुठं पडलास म्हणून घाबरली.

पाच वाजेपर्यंत ओट्यावर अठरा स्वार मांडी घालून बसले होते आणि समोरच्या भिंतीला अठरा बिनस्टँडच्या सायकली टेकल्या होत्या. गल्लीतल्या म्हशीने पहिलीला शेपूट लावलं आणि अठराही आडव्या झाल्या. कुणी उठलं नाही. तवा तापलेला होता.

सहा वाजून वीस मिनिटांनी पुरुषोत्तम आला. साडेसातच्या आत त्याला इंदिरानगर गाठायचं होतं.

"आई, पटकन शिक्का!"

"आडनाव आधी."

"आई, मी आहे!"

"इथं सगळे 'मी'च येतात. राहणार कुठं?"

"इंदिरानगर," पुरुषोत्तम दात आवळून म्हणाला.

"इथून किती?"

"नऊ किलोमीटर."

"या घरी आधी कधी आला होता?"

मागे रांग होती. रांगेचे कान इकडे होते.

"दिवाळीला."

अंबूबाईंनी बोटांवर महिने मोजले. "दोनशेला साडेतेरा तास. तुम्हाला नऊला सात महिने लागले. हे नियमात बसतं का, मैत्रेयीला विचारावं लागेल."

पुरुषोत्तमला सायकल टेकवायला जागा नव्हती, म्हणून ती हातात धरून तसाच उभा राहिला. मग ती मदतीला आलेल्या गुंडोकडे दिली, हात धुतले आणि पाटावर बसला. पहिल्या घासाला त्याने डोळे मिटले. चौथ्या पोळीला म्हणाला, "आई, तूप." अंबूबाईंचं समाधान सात वाजून पाच मिनिटांनी झालं. शिक्का त्यांनी दोनदा मारला, एक उमटला नसेल म्हणून.

पुरुषोत्तम सहा मिनिटं उशिरा पोचला. कार्ड बाद. एकतीस स्वारांपैकी सत्तावीस बाद. क्लबने चौकशी समिती नेमली. समितीने जागेवर जाऊन, बसून, तपास केला आणि अहवालात कारण लिहिलं, 'तूप'. चामराजपेट कंट्रोल तात्काळ बंद करण्याचा ठराव मांडला गेला. त्याच्या बाजूने एक मत पडलं, चहावाल्याचं. पुढच्या फेरीला दुप्पट नावं आली.

मग गल्ली जागी झाली. कृष्णाबाईंचा मुलगा जयनगरात, त्यांनी कंट्रोलसाठी अर्ज दिला. पलीकडच्या अक्कांचा व्हाइटफील्डला, त्यांनी कन्नडमध्ये दिला. शिक्का मिळाला की मुलगा येतो, हे सिद्धच झालं होतं. आता दोनशे किलोमीटरच्या वाटेत बेचाळीस कंट्रोलं आहेत. मंड्याला कुणी पोचत नाही आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पुरुषोत्तमने सायकलीला स्टँड बसवून घेतला. दीडशे ग्रॅम भरतो, पण येऊन उभं राहायचं म्हटलं की लागतोच.

अंबूबाईंच्या खिडकीवर हल्ली नवीन पाटी आहे. त्यांनी सांगितली, मैत्रेयीने लिहिली.

'सायकल आणलीच पाहिजे असं नाही. फोनवरचा शिक्का धरला जाणार नाही. वाचणाऱ्याने थांबून आपलं कार्ड काढावं आणि आपल्या कंट्रोलवरचा शेवटचा शिक्का कधीचा आहे, ते स्वतःच बघावं. उघडायची वेळ सकाळी सात. बंद व्हायची वेळ आम्हालाही कळवलेली नाही.'