भोयरकाकांचे गठ्ठे

आमच्या सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधले भोयरकाका लाँड्री रूममध्ये येताना चार वस्तू आणतात: कपडे, साबण, चित्रांचे पत्ते आणि गळ्यात स्टॉपवॉच. कपडे बरेचदा विसरतात.

नागपूरकडच्या एका कारखान्यात काकांनी एकतीस वर्षं कामगारांच्या हातांना कुठल्या कामाला किती सेकंद लागतात ते मोजलं. निवृत्तीनंतर सहा महिने नागपूर, सहा महिने इथे मुलाकडे. मुलगा सकाळी कंपनीच्या शटलने जातो, अंधार पडल्यावर उगवतो. इथे मोजायला कोणी नव्हतं. मग वरच्या मजल्यावरची सहा वर्षांची मेइ सापडली.

मेइची आई लीन शनिवारी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत असते. काका चित्र दाखवतात, मेइ चिनी भाषेत नाव सांगते, काका बटण दाबतात. मांजर, "माओ." घोडा, "मा." मधमाशी, "मीफंग." काकांना चिनी येत नाही, सेकंद मात्र सगळ्यांचे पाठ आहेत.

"पोरगी शाळेत एबीसीडी वाचायला लागली नं, तेव्हापासून फरक पडला," ते मला म्हणाले.

"कसला?"

"गेल्या वर्षी 'म'चे शब्द ओळीनं दाखव, नाहीतर सरमिसळ दाखव, वेळ सारखाच. शब्द अख्खाच्या अख्खा पडायचा. आता अक्षरं कळली, तर ओळीनं दाखवले की झपझप! पहिला आवाज तोंडात तयारच ठेवते."

"काका, सरावानेही असेल."

"असंल. एका पोरीवरून काय सिद्ध होते बाप्पा? आपण मोजायचं. मत नंतर."

म्हणून पत्त्यांचे गठ्ठे पहिल्या आवाजाप्रमाणे, प्रत्येकाला रबरबँड. मी स्वतः याद्या करणारी, त्यामुळे व्यवस्था पसंत पडली. फक्त पत्त्यांच्या पेटीच्या तळाशी एक पत्ता सुटा होता. उलटून पाहिला. त्यावर काकांचा पासपोर्टचा फोटो चिकटवलेला.

"हा कुठल्या गठ्ठ्यातला?"

काका साबण शोधू लागले. साबण समोरच होता. "ठरलं नाही. ती मला हाकच मारत नाही. सरळ हात ओढते."

"मग दाखवा ना तिला."

"अन् नुसतीच पाहत बसली तर? किती सेकंद मोजू?"

महिनाअखेर काका परत जाणार होते, आणि अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही. पुढच्या शनिवारी ते गळ्यातलं स्टॉपवॉच पेटीवर काढून ठेवून, ड्रायरमध्ये डोकं घालून हरवलेला मोजा शोधत होते. मी स्टॉपवॉच हातात घेतलं आणि तो पत्ता मेइपुढे धरला.

"येये!"

लीनची घडी अर्धवट राहिली. "दॅट्स ग्रँडपा," ती मला म्हणाली.

काकांनी डोकं बाहेर काढलं नाही. मोजा केव्हाच सापडला होता, तो त्यांच्या हातात मला दिसत होता. आतूनच आवाज आला, "किती?"

मी घड्याळ पाहिलं. शून्य. मी बटण दाबायच्या आधीच ती बोलली होती.

"नोंद राहिली, काका."

"राहू दे."

जाताना ते पेटी माझ्याकडे सांभाळायला देऊन गेले. मी गठ्ठे मोजून घेतले. 'य'चा गठ्ठा नवीन आहे. त्यात पत्ता एकच. त्यालाही काकांनी रबरबँड लावलाय.