महाले सरांचा लेझर ठरत नाही

महाले सर व्हरांड्यात दिसले की आमच्या कॉलेजातली माणसं हात खिशात घालतात. हात मोकळा सापडला रे सापडला, की सर तो धरणार, मोबाईलची बॅटरी लावून तळव्याला खालून टेकवणार आणि विचारणार, "काय दिसतं? लाल! बाकीचे रंग वाटेत अडकले, लाल पार गेला. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, आणखी आत जातो. किती आत? बोला!"

काय बोलणार, कप्पाळ! मी हेडक्लार्क बाई. माझ्या टेबलावर शिष्यवृत्तीचे अर्ज तुंबलेले, बाहेर मोखाड्याहून पहिल्या जीपने आलेली पोरं खोळंबलेली, आणि सर माझा हात उजळत उभे!

सर प्राणिशास्त्राचे. दुर्गम भागासाठीच्या कुठल्याशा योजनेतून त्यांनी एक सूक्ष्मदर्शक मिळवला. जिवंत मेंदू न कापता आत पाहणारा. जव्हारमध्ये! जिथं वारा जरा वळला तरी वीज जाते! सूक्ष्मदर्शक आला आणि चादर पांघरून बसला. कारण त्याचा लेझर वेगळा निवडायचा असतो, आणि निवडायचा होता महाले सरांनी.

हे वेड कशापायी, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सरांच्या बायकोची, सुलभावहिनींची, आठवण गेली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, मान हलवली आणि परत पाठवलं. सरांनी मनाशी घेतलं की उंदराच्या मेंदूत आठवण नेमकी कशी पुसते ते आपण स्वतः बघायचं. त्यामुळं सरांना तोंडावर कुणी हसत नसे.

"मॅडम, एक दार आहे समजा," ते मला समजवायचे. "एकट्यानं ढकलून उघडत नाही. दोघांनी एकाच क्षणी ढकललं तरच उघडतं. प्रकाशाचे कण तसे एकदम पोचले, की जिथं पोचले तेवढीच जागा उजळते. आणखी खोल जायचं तर तिघं लागतात."

"मग तिघांचा घ्या आणि मोकळे व्हा!"

"तत्त्वतः हरकत नाही. पण घाई नको."

हे त्यांचं पालुपद. एक लेझर पाहिजे तसा रंग बदलायचा, पण त्याला फार जपावं लागे, म्हणून नको. दुसरा दणकट, पण एकाच रंगाचा, म्हणून नको. तिसरा सगळ्यात खोल जायचा, पण उंदराचा मेंदू तापला तर? नको. कंपन्यांची पोरं फोनवर आधी 'सर, सर' करायची, मग माझ्याकडं रडायची. इकडं प्राचार्य माझ्या डोक्यावर बसलेले. मार्चअखेर ठरलं नाही तर पैसा परत जाणार, आणि सूक्ष्मदर्शक जन्मभर चादरीखाली.

शेवटी एका कंपनीचा इंजिनीअर पुण्याहून जागा बघायला आला. त्यानं आधीच फोनवर बजावलं होतं, खोलीत धूळ अजिबात चालणार नाही. मी तो निरोप आमच्या शिपाई जानूबाईंना दिला. त्या खोडाळ्याकडच्या. सूक्ष्मदर्शकाच्या जड टेबलासाठी खोलीतल्या फरशा उखडलेल्या, खाली उघडी माती. इंजिनीअर पायांना निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून ऐटीत आत शिरला आणि पचकन थांबला.

"हे... हे काय आहे?"

"शेन हाये, सायब. ताजा," जानूबाई खूश होऊन म्हणाल्या. "धूल नको बोलला ना? मंग सारवून टाकला. आता काय उडायचा नाय."

दाराशी तांदळाच्या पिठाचे ठिपकेही घातलेले. पाहुणा येणार म्हणून! मी तोंडाला पदर लावून बाहेर पळाले. इंजिनीअर मात्र गुणी निघाला. पिशव्या काढून ठेवल्या, अनवाणी खोली मोजली आणि म्हणाला, "सर, आमचा तो दणकट लेझर घ्या. विजेचं आणि फरशीचं मी बघतो. मात्र एक सांगतो. उंदराच्या मेंदूतही दिसेल ते वरचं मिलिमीटरभर. माणसासाठी हा नाहीच."

"माहीत आहे मला," सर म्हणाले. "तत्त्वतः हरकत नाही. पण..."

माझं डोकंच फिरलं. संध्याकाळी मंजुरीचा कागद घेऊन तडक त्यांच्या घरी गेले. आज सही घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं ठरवूनच.

सर ओट्याशी भाकरी थापत होते, नागलीची. वहिनी खुर्चीत, वेणी नीट घातलेली. ती कुणी घातली असेल ते वाकडा भांग बघून कळत होतं.

"आता काय राहिलंय, सर? अडचण तरी सांगा!" मी आवाज चढवला.

सरांनी हात धुतले. हळूच म्हणाले, "ती मला ओळखत नाही, मॅडम. 'आमच्या ह्यांच्या कॉलेजातले कुणी सर' असं समजते. रोज एकच विचारते, 'ह्यांचं लेझरचं ठरलं का?' बाकी सगळं गेलं, एवढंच राहिलंय. मध्ये एकदा ठरलं म्हणालो, तर 'बरं झालं' म्हणाली आणि कितीतरी दिवस गप्पच. मग नाही ठरलं म्हणावं लागलं, तेव्हा कुठं पुन्हा बोलायला लागली. आता खरंच ठरलं, की रोज तिला खोटं सांगायचं?"

माझ्याच रागाची मला लाज वाटली. मी कागद पर्समध्ये टाकायला लागले, तर सरांनी तो ओढून घेतला आणि सही केली. "पोरांचं नुकसान नको," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात वहिनींनी मान वर केली. "सर, आमच्या ह्यांचं ठरलं का हो?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. सहीचा कागद माझ्या हातात होता. मी म्हणाले, "नाही हो वहिनी. अजून कुठं!"

"अस्सेच आहेत ते," वहिनी हसल्या. "घोळ फार घालतात. पण माणूस चांगला आहे. तुम्ही ओळखता ना त्यांना?"

"ओळखतो," सर म्हणाले.

"मग भेटले की सांगा त्यांना. उशीर झालाय. घरी या म्हणावं."

"सांगतो," सर म्हणाले, आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळले.