भिवाजी कासवाचा व्हिसा

एका जंगलात, मुलांनो, भिवाजी नावाचं कासव राहायचं. जंगल कोणतं ते विचारू नका. विचारायचं असेल तर आधी अर्ज भरावा लागतो.

भिवाजीची आई दोन जंगलं ओलांडून तिसऱ्या, तळेवनात राहायची. कार्तिकी पौर्णिमेला तिला दोनशे वर्षं पूर्ण होणार होती. ज्येष्ठातच तिने घारीबरोबर निरोप धाडला. "भिवा, मला काही नको. फक्त ये आणि माझ्या शेजारी बसून चार घास खा. आता माझं काय सांगावं, बाबा?"

भिवाजीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तो तसाच निघाला. संध्याकाळपर्यंत झुडपाबाहेर पोचलासुद्धा!

पूर्वी कुणीही उठून कुठेही जायचं, बरं का. पण आता जंगलं सुधारली होती. कुंपणं आली आणि कुंपणांमागून व्हिसाच्या खिडक्या आल्या. वेळूवनाची खिडकी चिंचेखाली, काटेवनाची बाभळीखाली आणि तळेवनाची वडाखाली. तिन्ही भिवाजीच्याच जंगलात, पण तीन टोकांना.

वाटेत आधी वेळूवन लागतं, म्हणून भिवाजी आधी चिंचेखाली गेला. सरळमार्गी ना! इथंच चुकला बिचारा.

खिडकीत मुंगूस बसलं होतं. "परत येणार कशावरून? इथं घर आहे का?"

"आहे की. हे काय, पाठीवर."

"वा वा! घरदार घेऊन निघालात आणि म्हणे परत येणार. नामंजूर!"

भिवाजीने उंदराचं एक बीळ भाड्याने घेतलं. त्यात त्याची मानसुद्धा मावेना. पण भाडेकरारावर शिक्का होता. मुंगूस खूश झालं.

"आता कसं! पण आधी काटेवनाचा व्हिसा दाखवा. नाहीतर आमच्याकडेच मुक्काम ठोकाल."

बाभळीपर्यंत आठ दिवस लागले. तिथलं साळिंदर म्हणालं, "आधी तळेवनाचा आणा."

वडापर्यंत आणखी नऊ दिवस. तिथल्या बगळ्याने मात्र बसायला पाट दिला आणि शिक्का मारला. "तीस दिवस. आजपासून."

भिवाजी उलटा फिरला. नऊ दिवसांनी बाभळीखाली आला. साळिंदर म्हणालं, "अर्ज ठेवून जा. पंधरा दिवसांनी या." मग चिंचेपर्यंत आठ. बोटांवर मोजा बघू, मुलांनो. बत्तीस झाले.

"हा तर परवाच संपला," मुंगूस म्हणालं.

भिवाजी चिडला नाही. पुन्हा वडाकडे निघाला. एव्हाना त्याच्या पाठीवर कागदांची चांगली जाडजूड थप्पी झाली होती. वाटेत भेटेल त्याला तो ती दाखवायचा. आईचं नाव मात्र हल्ली क्वचितच निघायचं.

दुसऱ्या खेपेला साळिंदराने बारा दिवसांतच काम केलं. भिवाजी धापा टाकत चिंचेखाली पोचला. रांगेत त्याच्यापुढे दोघं होते. दिवस होता कार्तिकी पौर्णिमेचा.

"भिवा!" मागून हाक आली.

वळून बघतो तर आई!

"आई? तू? आणि व्हिसा?"

"ते काय असतं? तुझा काही पत्ता नाही, म्हणून श्रावणात निघाले. कुणी दिसलं की हातपाय आत घ्यायची. दगडाला कोण काय विचारतंय? काटेवनाचा शिपाई तर माझ्यावर बसून तंबाखू मळत होता मेला!"

तिने कमळाच्या पानातली पुडी सोडली. आत शेवाळाच्या वड्या होत्या. "बस. भूक लागली असेल तुला."

भिवाजी बसणार, तेवढ्यात खिडकीतून पुकारा झाला. "भिवाजी कासव!"

धाडकन शिक्का बसला. वेळूवन मंजूर!

भिवाजीने शिक्क्याकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. पुन्हा शिक्क्याकडे पाहिलं.

"आई, तिन्ही व्हिसे पहिल्यांदाच एकदम चालू आहेत गं! तळेवनाचा तर उद्याच संपतोय. मला निघायलाच हवं."

"कुठं?"

"तुला भेटायला."

"अरे मेल्या, मी इथं आहे!"

"हो, पण व्हिसा तिथला आहे ना! तू बस. मी भेटून येतो."

आणि तो गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आई बराच वेळ त्याच्या वाटेकडे बघत राहिली. मग तिने एक वडी खाल्ली. दुसरी तिला जाईना.

तात्पर्य : मुलांनो, आई काय, केव्हाही भेटते. व्हिसाची मुदत मात्र वाढवून मिळत नाही.