मारीबाईचे गोळे

"बोर? गोळामा बोर?" सुंदरबाईंचा हात परातीतच थांबला. "लोक हसतीन ना!"

"त्यासना देशमा आलुबुखार घालतस. ते सोनगीरमा कोठे भेटी? तू बोर घाल. बी सगट." त्यांचे यजमान गिरधरनाना चुलीपाशी पाटावर बसून टोपलीतली बोरं पुसत होते. एकादशीला तुळशीची पानं पुसावीत, इतक्या मायेनं.

झालं होतं असं. गावात सप्ताह चालू होता. काल संध्याकाळी महामार्गावर सायकलची साखळी तुटली म्हणून एक गोरं जोडपं मृदंगाच्या आवाजामागे चालत थेट मंडपात आलं आणि कीर्तन संपेपर्यंत मांडी घालून बसलं. नानांची नात मेघा धुळ्याच्या कॉलेजात शिकते. तिनं विचारपूस केली. नाव यान, बायकोचं नाव हाना, देश चेक. देशाचं नाव ऐकलं आणि नाना टाळ हातात तसेच धरून उभे राहिले.

चाळीस वर्षांपूर्वी धुळ्याच्या सूतगिरणीनं नानांना नवी यंत्रं शिकायला तीन महिने त्या देशात पाठवलं होतं. पहिल्याच दिवशी खानावळीत मांसाचा रस्सा पुढे आला. नाना पाव पाण्यात बुडवून खाऊ लागले. स्वयंपाकीण मारीबाईनं त्यांच्या गळ्यातली माळ पाहिली, काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नानांसाठी वेगळं पातेलं चढलं. चक्का आणि मैद्याचे गोळे, आत आलुबुखार, वरून खसखस, पिठीसाखर, पातळ लोणी. सगळ्यांपुढे बियरचे फेसाळते पेले असत. नानांपुढे झाडाच्या फुलांचा गरम काढा, मध घालून. भाषा येत नाही, नातं नाही, गोत्र नाही आणि नव्वद दिवस ही माउली परक्या माणसाचं व्रत सांभाळते! तिच्या देशाचं माणूस आज दारात आलंय. ते तिच्या पद्धतीचं जेवल्याशिवाय गावाबाहेर गेलं, तर नाना देवापुढे कोणत्या तोंडानं उभे राहणार होते?

म्हणून आरतीनंतर नानांनी मंडपात जाहीर केलं, "उद्या दुपारी पाहुण्यांना त्यांच्याच देशाचं जेवण!"

इथंच घोटाळा झाला. दोघांचा बेत सकाळपर्यंत चाळिसांचा झाला. वीणेकरी येणार, बुवा येणार, बुवांचे मृदंगवाले येणार. दुकानातली सगळी खसखस संपली. पहिला घाणा उकळत्या पाण्यात विरघळला आणि पातेल्यात बोरांची खीर झाली. दुसरा इतका घट्ट झाला की शेजारच्या लोटननं एक गोळा ओट्यावर आपटून पाहिला.

"नाना, ओटाले खड्डा पडना!"

"तू जाय रे तुना भरीतकडे!" सुंदरबाई कडाडल्या. गोळ्यांवर भरवसा नसल्यामुळे लोटननं कुंपणापलीकडे कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजायला घातली होती. शेवटी सुंदरबाईंनी वरण-बट्टीच्या सवयीनं रवा मिसळला, पीठ झाकून ठेवलं, आणि तिसरा घाणा बरा उतरला.

पंगत बसली. गजर झाला. यान आणि हानानं ताटं चाटूनपुसून साफ केली. आता सोनगीरला रिकामं ताट म्हणजे पाहुणा उपाशी. सुंदरबाईंनी आणखी चार वाढले. यानला टाकणं वाईट वाटलं, त्यानं तेही संपवले. आणखी चार आले. अकराव्या गोळ्याला तो लालबुंद झाला. तेवढ्यात वारा फिरला आणि भाजक्या वांग्याचा, मिरचीचा वास पंगतीवरून गेला. यान कुंपणाकडे पाहत मेघाशी बराच वेळ बोलला.

"काय म्हने?" नानांनी विचारलं.

"छान झालंय म्हणतात."

"इतलं बोलना अन् इतलंच?"

मेघा म्हणाली, "नाना, त्यांना लहानपणी शाळेत दर गुरुवारी हेच असायचं. तेव्हापासून त्यांना आवडत नाही. आणि सहा महिन्यांच्या प्रवासात सगळे लोक त्यांना त्यांच्याकडचंच खाऊ घालतात. ते विचारतायत, पलीकडे काय भाजतायत ते मिळेल का?"

बुवांच्या हातातला गोळा वर खाली कुठेच जाईना. नानांनी मान खाली घातली. आणि मग त्यांचे खांदे हलू लागले. रडतात की काय म्हणून मेघा धावली. नाना हसत होते.

"त्याले सांग, बेटा. माले बी आवडे नही! घासाघासाले भरीत-भाकर याद ये. पण ती माय समोर उभी राहे ना. कसं टाकू? मी ताट पुसी काढू, ती आखो वाढे. नव्वद दिन!"

सुंदरबाईंनी वाढपाचं भांडं खाली ठेवलं. "चाळीस वरीस मनी पुरणपोळी खाईसन म्हनतस, 'बरी शे, पण मारीबाईना हात वेगळा!' अन् मी चाळीस वरीस जळत राह्यनू?"

"हात वेगळाच व्हता," नाना हळूच म्हणाले. "चवनं मी कोठे म्हनं?"

सुंदरबाई यावर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे, पण हानानं तिच्या आजीला फोन लावला होता. हिंदुस्थानातल्या खेड्यात आपले गोळे शिजलेत हे तिला दाखवायचं होतं. पडद्यावर पांढऱ्या केसांची म्हातारी आली. गोळे पाहून तिनं दोन्ही हात गालांना लावले, डोळे पुसले आणि भराभरा बोलू लागली. सुंदरबाईंनी पदर सावरून फोन हातात घेतला.

"हो अक्का, बठ्ठं घरनंच शे. तूप बी घरनं!"

पलीकडून चेक, इकडून अहिराणी. मेघा अर्थ सांगायला पुढे सरकली, तर दोघींनी तिला हातानंच बाजूला केलं. अर्धा तास झाला. मधल्या वेळात नाना आणि यान कुंपणापलीकडे सटकले आणि लोटनच्या विस्तवापाशी उकिडवे बसून, एकमेकांकडे न बघता, भरीत-भाकर खाऊ लागले.

फोन ठेवून सुंदरबाई कुंपणापाशी आल्या. चेहरा उजळलेला.

"अक्का म्हने, पीठ आखो मऊ पाहिजे, अन् गोळा आखो मोठा. मी शब्द दिधा. त्यासनी सायकल परवालगून नीट व्हत नही ना? सकाय-संध्याकाय गोळाच करसूत!"