मोडेमचं सेवापुस्तक

तुमच्या घरातल्या एका तरी यंत्राचं सेवापुस्तक तुम्ही ठेवलं आहे का? मिक्सरचं, पंख्याचं, निदान गिझरचं? नसेल, तर नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत, माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या मोरेश्वर तांबे यांच्याजवळ हे कबूल करू नका. ते रागावणार नाहीत. चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, "बरोबर आहे. तुमचं चालतंय."

तांबेकाका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेचे हेडक्लार्क होते. कोण कधी रुजू झालं, कोणी किती रजा घेतल्या, कोण केव्हा निवृत्त झालं, हे लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. स्वतः निवृत्त झाल्यावर लिहायला माणसं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी यंत्रं घेतली. दोनशे पानी वहीत प्रत्येक यंत्राला चार पानं. फ्रिज : 'रुजू झाल्यापासून एकही रजा नाही.' इस्त्री : 'कामात चोख, स्वभाव तापट.' पाण्याच्या पंपाला तर दोनदा लेखी ताकीद दिलेली आहे, आणि ती त्याच्यासमोर उभं राहून वाचून दाखवली होती. मी हजर होते.

"कागदावर आहे का?" हे त्यांचं आवडतं वाक्य. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. काका म्हणाले, "कागदावर द्या." आणि घेऊन आले.

अशा माणसाला विक्षिप्त म्हणून लोक मोकळे होतात. मला ते मान्य नाही. कशाचीच जबाबदारी कोणी सही करून घेत नाही अशा काळात, स्वतःच्या पंपाच्या वर्तणुकीखाली सही करणारा माणूस माझा शेजारी आहे, याचा मला अभिमान वाटतो.

गेल्या महिन्यात मोडेमची पाळी आली. वहीत त्याचा शेरा होता : 'सहा वर्षं सेवा. पावसाळ्यात वरचेवर आजारी. अलीकडे दुपारी डुलकी लागते.' कंपनीनं कळवलं, जुने मोडेम बंद करणार, मंगळवारी अकरा वाजता माणूस येऊन नवा बसवेल.

त्याच मंगळवारी चार वाजता पल्लवीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. पल्लवी विदर्भातल्या ब्रह्मपुरीची. आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत चार मुली कॉट बेसिसवर राहतात, त्यांतली एक. त्या खोलीत मोबाईलला रेंज येत नाही. मागची एक मुलाखत अर्ध्यातच तुटली होती. तेव्हापासून चारही मुलींना काकांनी आपलं वायफाय दिलेलं. या महिन्यात काही झालं नाही तर परत ये, असं पल्लवीच्या वडिलांनी बजावलं होतं.

अकराचा माणूस सव्वातीनला आला. सुर्वे नावाचा, वारज्याहून, पाठीवर मोठी सॅक.

"या," काका म्हणाले. "आपल्याकडे घड्याळ आहे, की तेही बदलायचं आहे?"

"सॉरी काका, सकाळपासून पळतोय. दहा मिनिटांचं काम आहे."

"लाइन किती वेळ बंद राहील?"

"वीस मिनिटं धरा. वरून चालू व्हायला कधी तासपण लागतो."

"मग दीड तासाने सुरू करा."

"जमणार नाही. पुढे दोन घरं आहेत. आज राहिलं तर जुना संध्याकाळी बंद पडणार, आणि माझी परत फेरी आठवड्याने."

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आत्ता जुना मोडेम काढला आणि तास लागला, तर पल्लवीची मुलाखत बुडणार. सुर्वे परत गेले तर चार मुली आठवडाभर नेटशिवाय. म्हणजे सुर्व्यांना जाऊ द्यायचं नाही आणि काम सुरूही करू द्यायचं नाही.

मी काकांना बाजूला घेतलं. "सरळ सांगा ना, खाली मुलीची मुलाखत आहे म्हणून."

"ती विनंती झाली," काका हळू आवाजात म्हणाले. "विनंती नाकारता येते. नियमाला माणूस दबकतो."

मग ते टेबलाशी बसले, वही उघडली आणि पेनचं टोपण काढलं. "सुर्वे, बसा. पदभार हस्तांतरित झाल्याशिवाय जुन्याला कार्यमुक्त करता येत नाही. नव्याचा तपशील सांगा. कान किती?"

"कान?"

"वर उभे आहेत ते."

"ॲण्टेना? चार."

"जुन्याला दोन होते. बढती दिसते. शरीरावरील ओळखीची खूण?"

सुर्व्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"काका, मोडेम आहे तो."

"रकाना आहे. मोकळा सोडता येत नाही."

"खाली स्टिकर आहे."

"कोणत्या बाजूला?"

असं पावणेचारपर्यंत चाललं. मग काकांनी जुन्याच्या सेवेचा आढावा मोठ्यानं वाचायला घेतला, पहिल्या वर्षापासून. सुर्वे दोनदा उठले, दोनदा बसले. तेवढ्यात जुन्या मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. काका वाचता वाचता उठले, टेबलफॅन उचलून आणला आणि त्याचा वारा मोडेमवर सोडला. स्वतः मात्र घामाघूम होते.

चार वाजले. जिन्यातून खालचा आवाज वर आला. "गुड आफ्टरनून सर. हो, ऐकू येते मला."

काका वाचायचे थांबले. सुर्व्यांनी विचारलं, "खाली कोण?" मी सांगून टाकलं.

सुर्व्यांनी पंख्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मोबाईल काढून पुढच्या घरी उशीर होईल म्हणून कळवलं. मग सॅक जमिनीवर ठेवली, मांडी घातली आणि म्हणाले, "काका, दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात किती रजा झाल्या याच्या? ते राहिलं वाचायचं."

काकांनी त्यांना चहा दिला. एरवी काका चहासुद्धा विचारून, हो म्हणवून घेऊन मगच टाकतात.

पावणेपाचला पल्लवी धापा टाकत वर आली. "झाली जी काका. पुढच्या फेरीला बोलावतो म्हणाले."

"म्हणाले. मेल आला की सांगा," काका कोरडेपणानं म्हणाले आणि आत गेले. चिवड्याची वाटी आधीच भरून झाकून ठेवलेली होती.

मग जुना मोडेम कार्यमुक्त झाला. नवा पंधरा मिनिटांत रुजू झाला, दिवे एकसारखे हिरवे. सुर्वे मोकळे झाले, खुशीत आले.

"आता एक काम करतो काका. खाली जाऊन चारही फोनमध्ये पासवर्ड टाकून देतो. एकदा टाकला की कायमचा. कोणाला तुमच्याकडे वर यायलाच नको."

काकांनी पेनला टोपण लावलं.

आमच्या इमारतीत पासवर्ड दर एक तारखेला बदलतो; काका ठरवतात, मी माझ्या मोबाईलवरून बदलून देते. त्या संध्याकाळी चौघी वर येतात, एका रजिस्टरात सही करतात, पण सहीआधी काकांच्या दिवाणावर बसावं लागतं. घरी आई कशी आहे, अभ्यास कुठवर आला, खोकला गेला का, हे सगळं झाल्यावर पासवर्ड मिळतो. काकांकडे स्वतःचा बटणांचा फोन आहे. कॉम्प्युटर नाही. त्या घरात आता नेट वापरणारं कोणी नाही.

"सोय चांगली आहे," काका म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "चांगलीच सोय आहे."

पल्लवीनं चिवड्याची वाटी खाली ठेवली. "असं कसं जी? कायमचा पासवर्ड धोक्याचा असते. दर महिन्याला बदललाच पाहिजे."

सुर्वे वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "बदललेला बरा. कंपनीपण तेच सांगते."

काकांनी दोघांकडे पाहिलं. बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"धोका असेल तर महिना फार झाला," ते म्हणाले. "पंधरवड्यानं बदलू."

वाचकहो, परगावाहून आलेलं कोणीतरी तुमच्याही इमारतीत राहतं, ज्याचा फोन लागत नाही आणि ज्याचं नाव तुम्ही विचारलेलं नाही. आज संध्याकाळी त्याला तुमच्या वायफायचा पासवर्ड द्या. फक्त दारात उभं ठेवून सांगू नका. आत बोलवा, बसवा, घरी आई कशी आहे ते विचारा. पासवर्ड शेवटी सांगा.