डॉक्टरांना कळता कामा नये

सोलेनला रात्रभर झोप लागली नाही, ती बोटांच्या दुखऱ्या सांध्यांमुळे नव्हे, तर चार वर्षांच्या लेकीच्या, ब्लेवेनच्या, वाचाळ तोंडामुळे. संधिवाताच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टर केरब्राबाईंना न विचारता ती सकाळी ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे नुसत्या हातांनी सांधे मोकळे करणाऱ्याकडे, जाणार होती. फ्रान्समधल्या या काँपेर गावात मान अवघडली तरी लोक आधी त्याच्याकडेच धावतात. पण केरब्राबाईंचा धाकच असा, की सोलेन त्यांना वजनसुद्धा दोन किलो कमी सांगायची. (तेही काट्यावर उभी राहून!) परवाच त्यांच्याकडे तपासणीला जायचं होतं. आणि आज बुधवार, इथे बुधवारी शाळा बंद, त्यामुळे लेक बरोबर.

"आपण कुठे गेलो ते कुणाला सांगायचं नाही हं," तिने गाडीत बजावलं.

"आई, तू अकरा वेळा सांगितलंस."

दवाखान्यात शिरताना बसलेल्या सगळ्यांना नमस्कार करायचा, नाहीतर लोक आईबापांचा उद्धार करतात. सोलेन कसंबसं पुटपुटली. ब्लेवेन मात्र खणखणीत ओरडली, "बाँजूर!"

चौघांनी उत्तर दिलं. कोपऱ्यातलं बागकामाचं मासिक तेवढं गप्प राहिलं. ब्लेवेन थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "बाँजूऽऽर!"

आता उत्तर न देण्याची कुणाची छाती होती?

"बाँजूर," मासिक म्हणालं. आवाज केरब्राबाईंचा.

सोलेनची पाचावर धारण बसली. "डॉक्टर! मी... पाव घ्यायला आले होते."

"दुसऱ्या मजल्यावर?"

"वाट चुकले."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि ऑस्टिओपॅथ मोठ्यांदा म्हणाला, "या डॉक्टर! कंबर पुन्हा धरली वाटतं?"

बाई टोमॅटोसारख्या लालबुंद झाल्या. मासिक मिटून त्यांनी हळूच विचारलं, "गोळ्या बंद नाही ना केल्यास?"

"छे! रोज घेते."

"मग हरकत नाही. गोळ्यांच्या जोडीला चालेल, गोळ्यांच्या ऐवजी नाही. आणि हे बघ, मी इथे..."

"तुम्ही मला दिसलाच नाहीत!"

बाई कंबर धरून आत गेल्या. सोलेनच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिने लेकीला जवळ ओढलं. "शहाणं गं माझं बाळ! हे घरीसुद्धा बोलायचं नाही. जमेल ना?"

"जमेल की," ब्लेवेन म्हणाली. "बाबा मला इथे आणतात तेव्हा तेपण हेच सांगतात. मी बोलले का तुला कधी?"