मावशीच्या कुरणातला दीड मीटर बर्फ

बर्फातलं मला कळतं! स्वतःच सांगतोय म्हणून हसू नका, ओबरलाखमध्ये कुणालाही विचारा. म्हणजे, गेल्या फेब्रुवारीआधी विचारायला हवं होतं. बुटाखाली बर्फ कसा करकरतो ते ऐकून मी सांगतो, आज स्की घसरणार की रुतणार. म्हणून तर आमच्या चिमुकल्या स्की-गावाचं रोजचं बर्फाचं बातमीपत्र माझ्याकडे आहे.

त्यात यंदा मी यंत्र बसवून घेतलं. उंच खांब, वर आडवा दांडा, दांड्याला एक डबी. डबी खाली बघते, बर्फ कुठवर आलाय ते मोजते आणि तासातासाला आकडा थेट पाहुण्यांच्या मोबाइलवर! नियमाने खांब वर डोंगरात हवा. पण तिथवर रोज तंगडतोड कोण करणार? मी तो टेकाडापलीकडे क्रेसेंझ मावशीच्या कुरणात रोवला. तिच्या गोठ्यात वीज आहे आणि मावशी माझ्या आईची सख्खी बहीण, नाही कशाला म्हणेल?

"माणसाचा हातच लागत नाही, तर चूक होईलच कशी?" असं मी सरपंचांना छाती फुगवून सांगितलं. सरपंच ओट्टोकार आमची एकुलती एक लिफ्टही चालवतात. ते फक्त "हं" म्हणाले.

आता खरी अडचण सांगतो. वाउटर आणि हान्नेके हे हॉलंडचं जोडपं आमच्याकडे दर हिवाळ्यात येतं. यंदाचं त्यांचं पंचविसावं वर्ष! इतकी वर्षं न चुकता येणाऱ्या पाहुण्याला आमच्या गावात चौकात बँड लावून मानाचा बिल्ला देतात. बिल्ल्यांवर नावं कोरून झाली होती. बँडवाल्यांच्या तालमींनी गायींचं दूध आटलं होतं! आणि ऐन वेळी सुटला फ्योन. हा आमचा दक्षिणेचा उबदार वारा. एकदा सुटला की डोकी दुखतात, नवरा-बायको भांडतात आणि बर्फाचं पाणी होतं. चार दिवसांत उतार हिरवेगार झाले.

शुक्रवारी सकाळी वाउटरचा फोन आला. "गेबहार्ड, उद्या निघतोय. बर्फ आहे ना? नाहीतर मुलं म्हणतायत, यंदा हिमनदीवर जा, तिथला बर्फ वितळत नाही."

मी सांगतो, पाच मिनिटांत सांगतो, म्हणून फोन ठेवून दिला.

"खरं काय ते सांगून टाक," माझी बायको नोटबुर्गा म्हणाली. हान्नेके तिची जिवाची मैत्रीण. एकदा का ही माणसं दुसरीकडे गेली की गेलीच, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

तेवढ्यात मोबाइल वाजला. यंत्राचा आकडा! एक मीटर साठ!

"नोटबुर्गा! दीड मीटरच्या वर!"

"काय?"

"बर्फ!"

"अहो, कोंबड्या चिखल उकरतायत अंगणात!"

"खाली फ्योन, वर थंडी! वारा ढगाला वर ढकलतो, ढग गारठतो आणि टेकाडापलीकडे रिकामा होतो. तुला नाही कळायचं!"

मी वाउटरला फोन लावला. "दीड मीटर! ताजा, मऊ, पिठासारखा!"

पलीकडे हान्नेकेशी काहीतरी कुजबुज झाली. मग वाउटर म्हणाला, "दीड मीटर? बरं बरं. मग येतोच!"

मी हवेत उडालो. इतक्यात सरपंच धापा टाकत आले.

"गेबहार्ड, लिफ्टखाली गायी चारता येतील! आणि मोबाइल बघून लोक मला विचारतायत, दीड मीटर कुठाय?"

"मावशीच्या कुरणात!"

"दाखव!"

टेकाड चढून आम्ही पलीकडे पाहिलं. कुरण हिरवं. खांब उभा. आणि डबीच्या बरोबर खाली, खांबापासून गोठ्यापर्यंत बांधलेल्या दोरीवर, लाल चौकटीची पिसांची जाडजूड दुलई! मावशी तिला काठीने बडवत होती.

"ये रे बाळा! खांब फार कामाचा हो तुझा. फ्योनात दुलया कशा खुटखुटीत वाळतात बघ!"

"मावशी, हे हवामानाचं यंत्र आहे!"

"मग? मी हवामान बघूनच घातल्यात की!" असं म्हणून तिने दुलईवर एक उशी टाकली. माझ्या खिशात मोबाइल वाजला. एक मीटर नव्वद!

सरपंचांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाउटरला फोन करून खरं सांगतो," मी पुटपुटलो.

"आणि बिल्ले कुणाच्या छातीवर लावू? तुझ्या?" सरपंच गरजले. "ट्रॅक्टर काढा!"

चर्चमागच्या घळीत ऊन पोचत नाही, तिथे जुना बर्फ होता. तो आणायला गावात एकच सोय, शेणखताच्या गाड्या.

"धुतल्यात ना?" मी विचारलं.

"खरवडल्यात!"

अख्खं गाव फावडी घेऊन राबलं. मला शिव्या घालत राबलं, पण राबलं! नोटबुर्गासुद्धा बाह्या सरसावून उभी होती. खरं सांगतो, मला भरून आलं. शनिवारी दुपारी उतारावर एक पट्टी तयार झाली. पांढरी म्हणण्याचं धाडस मी करत नाही. वारा आमच्या दिशेने सुटला की वासाने बँडवाल्यांचे सूर हलायचे.

संध्याकाळी गाडी आली. बँड दणाणला. वाउटर उतरला, हान्नेके उतरली. पायांत चालायचे बूट, हातात काठ्या. गाडीच्या टपावर काहीच नाही!

"वाउटर, स्की कुठायत?"

"घरी."

"घरी?!"

हान्नेके खदखदून हसली. "गेबहार्ड, तू अर्धा मीटर म्हणालास की आम्ही रबरी बूट भरतो. एक मीटर म्हणालास की छत्री. दीड मीटर तू याआधी कधी म्हणालाच नव्हतास! वाउटर म्हणाला, तिथे आता फुलं आली असणार, फिरायला जाऊ."

"मग हिमनदीवर का नाही गेलात?" मी कसंबसं विचारलं.

"तिथे नोटबुर्गा कुठाय?" हान्नेके म्हणाली आणि दोघी गळ्यात गळा घालून रडायला लागल्या. वाउटरने पुढच्या हिवाळ्याची खोली तिथेच सांगून टाकली. बिल्ले लागले, टाळ्या पडल्या.

मग दुखऱ्या पाठी धरून उभं असलेलं सगळं गाव माझ्याकडे वळलं. सरपंचांनी माझ्याच स्की माझ्या पायांत अडकवल्या.

"एवढा बर्फ वाहिलाय," ते म्हणाले, "कुणीतरी घसरलंच पाहिजे!"

मी घसरलो. अर्ध्या वाटेपर्यंत स्कीवर, पुढे पोटावर. वाउटर आणि हान्नेके काठ्या आपटून दाद देत होते. म्हणाले, पंचवीस वर्षांत इतकी मजा आली नव्हती.

नोटबुर्गाने मात्र मला घरात घेतलं नाही. आधी गोठ्यामागच्या नळाखाली उभं केलं.